हेवीवेटचे चार पट्टे, खरा चॅम्पियन आणि 96 किलोचा पोरगा

प्रश्न चाळीसगाव तालुक्यातल्या एका तालमीतून आला आहे. तालमीत दोन गट पडलेत. एक गट म्हणतो, रॉकी मार्सियानो 49 लढतींत एकदाही हरला नाही, म्हणून हेवीवेटमध्ये, म्हणजे बॉक्सिंगच्या सर्वांत जड वजनगटात, त्याच्याइतका मोठा कोणी नाही. दुसरा गट मुहम्मद अलीचा, अली पाच वेळा हरला असला तरी. त्यातच एकानं विचारलं, की एकाच वजनात चार-चार जगज्जेते असतात तरी कसे? शेवटी मुद्द्याची गोष्ट: तालमीतला 17 वर्षांचा, 96 किलोचा एक पोरगा कुस्ती सोडून बॉक्सिंगकडे वळायचं म्हणतोय. त्याला काय सांगायचं?

भाऊ, आधी पट्ट्यांचा गुंता सोडवू. तो सुटला की मार्सियानो-अलीचा वाद निम्मा मिटेल.

कुस्तीच्या माणसाला हा गुंता समजायला अवघड नाही. तुमच्याच तालुक्याच्या विजय चौधरींनी 2014, 2015 आणि 2016 अशी लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. गदा एक, स्पर्धा एक, त्यामुळे मोठा कोण यावर कोणी भांडलं नाही. 2023 च्या नोव्हेंबरात मात्र संघटनांच्या वादातून दोन ठिकाणी महाराष्ट्र केसरी झाली. फुलगावला सिकंदर शेख जिंकला, धाराशिवला शिवराज राक्षे. दोघंही खरे पैलवान, पण एका वर्षाच्या दोन गदा झाल्या. बॉक्सिंगमध्ये हेच गेली साठ वर्षं चाललंय, आणि तिथं गदा दोन नाहीत, चार आहेत.

सगळ्यांत जुनी संघटना डब्ल्यूबीए. तिचं मूळ 1921 सालचं, आत्ताचं नाव 1962 पासूनचं. डब्ल्यूबीसी 1963 मध्ये मेक्सिको सिटीत निघाली. हिरवा पट्टा, मधे सोनेरी पदक आणि भोवती देशांचे छोटे झेंडे, तो हिचा. आयबीएफ 1983 मध्ये अमेरिकेत निघाली, तिचा पट्टा लाल. चौथी डब्ल्यूबीओ, 1988 मध्ये पोर्तो रिकोत. ‘द रिंग’ या मासिकाचाही एक पट्टा 1922 पासून आहे. जाणकार त्याला मान देतात, पण तो संघटनेचा नव्हे. चारही संघटनांचे पट्टे एकाच्या कमरेला आले तरच त्याला निर्विवाद जगज्जेता म्हणतात.

या संघटना लढती भरवत नाहीत. लढत प्रमोटर भरवतो. संघटना स्वतःची क्रमवारी काढते, लढतीला पट्ट्याची मान्यता देते आणि बॉक्सरच्या मानधनातून साधारण 3 टक्के फी घेते. जितक्या जास्त लढती ‘जगज्जेतेपदाच्या’ म्हणून लागतील तितकी फी वाढते. अंतरिम चॅम्पियन, ‘रेग्युलर’ चॅम्पियन, ‘सुपर’ चॅम्पियन असली नावं यातूनच निघाली. बातमीत कोणी डब्ल्यूबीएचा रेग्युलर चॅम्पियन झाला असं वाचलंत, तर त्याच संघटनेचा सुपर चॅम्पियन कोण हे आधी शोधा. वरचा तो असतो.

दुसरी कळ सक्तीच्या लढतीची. प्रत्येक संघटना आपल्या चॅम्पियनला ठरावीक मुदतीत, साधारण 9 ते 12 महिन्यांत, तिच्या क्रमवारीतल्या पहिल्या दावेदाराशी लढायला लावते. चार पट्टे असले की चार दावेदार रांगेत उभे राहतात, आणि वर्षाला दोनच लढती खेळणारा हेवीवेट चौघांना पुरा पडत नाही. पैशांवर एकमत झालं नाही तर संघटना बंद पाकिटात बोली मागवते. 2022 मध्ये चॅम्पियन टायसन फ्युरी आणि दावेदार डिलियन व्हाइट यांच्या लढतीसाठी डब्ल्यूबीसीनं हेच केलं. बोली 4 कोटी 10 लाख डॉलरच्या वर गेली आणि वाटणी 80-20 ठरली, 80 चॅम्पियनला. मुदतीत लढत झाली नाही तर पट्टा काढून घेतात, किंवा चॅम्पियनच तो सोडून देतो. निर्विवाद जेतेपद टिकत नाही ते या कारणानं. पट्टा रिंगणात हरण्याआधी कचेरीतच जातो.

याची उदाहरणं नीट पाहा, कारण तुमच्या वादाचं उत्तर त्यांतच आहे. फेब्रुवारी 1978 मध्ये लिऑन स्पिंक्सनं अलीला हरवलं. डब्ल्यूबीसी म्हणाली, आता केन नॉर्टनशी लढ. स्पिंक्सनं अलीशीच परत लढायचं ठरवलं, म्हणून संघटनेनं त्याचा पट्टा काढला आणि नॉर्टनला बसल्या जागी चॅम्पियन जाहीर केलं. जूनमध्ये लॅरी होम्सनं 15 फेऱ्यांनंतर नॉर्टनला हरवलं. तिन्ही पंचांच्या कागदावर फरक एकेका गुणाचा, दोघांनी होम्सला कौल दिला. नॉर्टन जगज्जेतेपदाच्या तीन लढती लढला आणि तिन्ही हरला, तरी जगज्जेत्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. पण त्याचं नाव आजही निघतं ते 1973 च्या मार्चमुळे. त्या लढतीत त्यानं अलीचा जबडा मोडून त्याला गुणांवर हरवलं होतं, आणि जगज्जेतेपदाचा कोणताही पट्टा तेव्हा पणाला नव्हता.

उलटं उदाहरण रिडिक बोचं. नोव्हेंबर 1992 मध्ये तेव्हाच्या चॅम्पियन इव्हँडर होलीफिल्डला हरवून तो निर्विवाद जगज्जेता झाला; तेव्हा डब्ल्यूबीओचा पट्टा त्यात धरत नसत, बाकीचे तीन पुरत. डब्ल्यूबीसीनं सांगितलं, आता लेनॉक्स लुईसशी लढ. डिसेंबरात लंडनच्या पत्रकार परिषदेत बोनं तो हिरवा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. वर्षभरात उरलेले पट्टेही होलीफिल्डकडे परत गेले. बो आणि लुईस 1988 च्या सोल ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत लढले होते, तिथं लुईस जिंकला होता. व्यावसायिक रिंगणात ती लढत कधीच झाली नाही. बोचे 1992 चे हात फार चांगले होते. लांब जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), जवळून पोटात मारायची ताकद, सगळं होतं. तरी त्याच्या नावापुढे ही एक रिकामी जागा कायमची राहिली.

आता मार्सियानो. 49 विजय, त्यांतले 43 नॉकआउट, एकही हार नाही. आकडा खोटा नाही, पण आकडा उघडून आत पाहायचा असतो. बॉक्सरचा रेकॉर्ड तपासताना प्रत्येक मोठ्या विजयापुढे चार गोष्टी लिहायच्या: समोरच्याचं त्या दिवशीचं वय, त्याचं वजन, त्याच्या आधीच्या दोन-तीन लढती कशा गेल्या, आणि सामना आटोपला कसा. मार्सियानोनं जो लुईसला हरवलं तेव्हा लुईस 37 वर्षांचा होता आणि कराच्या कर्जापायी रिंगणात परतला होता. ज्याच्याकडून पट्टा घेतला तो जर्सी जो वॉलकॉट 38 चा होता. म्हणजे 49-0 ला थोडी सूट द्यावी लागते.

पण थोडीच. वॉलकॉटची ती लढत, 23 सप्टेंबर 1952, पूर्ण पाहा. पहिल्याच फेरीत मार्सियानो खाली पडला. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा गुणांवर तो मागे होता, नॉकआउटशिवाय पट्टा मिळणार नव्हता. तेराव्या फेरीत वॉलकॉट पाठ दोराला लागेपर्यंत मागे सरकला. दोघांनी एकाच वेळी उजवा हात सोडला. मार्सियानोचा ठोसा जेमतेम वीतभर अंतरावरून आला आणि आधी पोचला. मग वॉलकॉटचा एक हात दोरात अडकला आणि तो तसाच गुडघ्यांवर खाली गेला. ताकद खांद्यातून येत नाही, मागच्या पायाच्या टाचेतून कमरेवाटे येते, हे पोरांना शिकवायला यापेक्षा चांगला तुकडा मला माहीत नाही. मार्सियानोचं वजन जेमतेम 84 किलो होतं. आज व्यावसायिक हेवीवेट 200 पौंडांच्या, म्हणजे 90.7 किलोच्या, वर सुरू होतं. तो आज असता तर खालच्या, क्रूझरवेट गटात लढला असता. दोन काळांतल्या माणसांची सरळ तुलना फसते ती इथं.

अलीच्या नावापुढे 56 विजय, 5 पराभव आहेत. पराभवांची तीच चार कलमं भरा. 1971 मध्ये जो फ्रेझर, तेव्हा तो अपराजित आणि ऐन भरात. 1973 मध्ये नॉर्टन. 1978 मध्ये स्पिंक्स. फ्रेझरला त्यानं पुढे दोनदा हरवलं, नॉर्टनलाही दोनदा, स्पिंक्सला सातच महिन्यांत. उरले 1980 चा होम्स आणि 1981 चा बर्बिक, तेव्हा अली 38-39 वर्षांचा होता आणि त्या लढती व्हायलाच नको होत्या. शिवाय लष्करात जायला नकार दिला म्हणून मार्च 1967 ते ऑक्टोबर 1970 एवढा काळ तो रिंगणाबाहेर होता. वय 25 ते 28. बॉक्सरचे हे सोन्याचे दिवस. तिथून परत येऊन त्यानं 1974 मध्ये किन्शासात फोरमनला आठव्या फेरीत पाडलं, आणि हा फोरमन तो ज्यानं फ्रेझर आणि नॉर्टन दोघांनाही दोन-दोन फेऱ्यांत संपवलं होतं. माझा कौल अलीला. हार नसणं मोठंच, पण आपापल्या काळातल्या सर्वांत कठीण माणसांना शोधून त्यांच्याशी लढणं, हरलं तर परत जाऊन हिशोब चुकता करणं, हे त्याहून अवघड.

याच मापानं लेनॉक्स लुईस फार वर येतो आणि त्याला पुरेसं श्रेय मिळत नाही. तो दोनदा हरला, 1994 मध्ये मॅकॉलकडून आणि 2001 मध्ये रहमानकडून. दोन्ही वेळा चूक एकच होती: डावा हात खाली आणि हनुवटी उघडी असताना समोरून आलेला उजवा. दोघांनाही त्यानं परत गाठून हरवलं. होलीफिल्डशी बरोबरी झाली, तर आठ महिन्यांत परत लढून नोव्हेंबर 1999 मध्ये निर्विवाद झाला. 2004 मध्ये चॅम्पियन असतानाच हातमोजे खाली ठेवले. व्यावसायिक रिंगणात त्याच्यासमोर आलेला एकही माणूस असा उरला नाही, ज्याला त्यानं हरवलं नाही.

टिकून राहण्याच्या मापात जो लुईसजवळ कोणी नाही. 1937 ते 1949, 11 वर्षं 8 महिने, 25 वेळा पट्टा राखला. त्यातले काही दावेदार अगदी साधे होते हे खरं. पण 1936 मध्ये ज्यानं त्याला पाडलं होतं त्या श्मेलिंगला 22 जून 1938 च्या रात्री त्यानं 124 सेकंदांत संपवलं.

चार पट्ट्यांच्या काळात हेवीवेटमध्ये चारही एकत्र आणणारा पहिला माणूस ओलेक्सांडर उसिक. 18 मे 2024, रियाध, समोर टायसन फ्युरी. उसिक सुमारे 101 किलो, फ्युरी सुमारे 119. पंचांचे कागद असे: 115-112 उसिक, 114-113 उसिक, 114-113 फ्युरी. नवव्या फेरीत उसिकच्या डाव्या हाताच्या माऱ्यानं फ्युरी दोरांवर भेलकांडला आणि रेफ्रीनं मोजणी केली. प्रत्येक फेरीत जिंकणाऱ्याला 10 आणि हरणाऱ्याला बहुतेक वेळा 9 गुण मिळतात. मोजणी झाली की 8. आता वहीवर मांडा. ती मोजणी झाली नसती आणि फेरी 10-9 नं सुटली असती, तर तिन्ही कागदांवर फ्युरीला एकेक गुण जास्त मिळाला असता: 115-113 उसिक, 114-114, 115-113 फ्युरी. म्हणजे बरोबरी. एका गुणावर सगळं फिरलं, आणि तो गुण रिंगणाच्या एका कोपऱ्यात वीसेक सेकंदांत मिळाला. पुढच्याच महिन्यात सक्तीच्या लढतीच्या नियमामुळे उसिकनं आयबीएफचा पट्टा सोडला. डिसेंबरात फ्युरीला परत हरवलं, आणि 19 जुलै 2025 ला आयबीएफ चॅम्पियन डॅनियल दुबुआला पाचव्या फेरीत पाडून तो चौथा पट्टाही परत घेतला. म्हणून मी पट्ट्यांची यादी पाठ करायला सांगत नाही. यादी दर काही महिन्यांनी बदलते. कोणी कोणाला कसं हरवलं हे बदलत नाही.

आता तुमचा पोरगा.

आधी एक सावधगिरी. कुठल्याशा हॉलमध्ये ‘आंतरराष्ट्रीय पट्टा’ मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथल्या तिथे नाही म्हणा. वर लिहिलेल्या चार संघटनांपैकी कोणाची मान्यता आहे ते विचारा. समोरच्या बॉक्सरच्या मागच्या पाच लढती विचारा. उत्तर गोलमाल आलं की समजून जा. सतराव्या वर्षी वाट हौशी बॉक्सिंगचीच: जिल्हा संघटनेकडे नोंदणी, डॉक्टरी तपासणी, मग जिल्हा, राज्य, राष्ट्रीय. पुढे सेनादल, रेल्वे, पोलीस ही दारं याच वाटेवर आहेत. कौरसिंग सेनादलातले, 1982 च्या आशियाई खेळांत हेवीवेटचं सुवर्ण, आणि त्याआधी 1980 मध्ये दिल्लीत अलीशी प्रदर्शनीय लढत. सतीश कुमारही सेनादलातले, सर्वांत वरच्या वजनात ऑलिम्पिक गाठणारे पहिले भारतीय. हौशीत आता पुरुषांचा वरचा गट 90 किलोच्या वर आहे. 96 किलोच्या पोरानं 90 मध्ये बसायला उपाशी राहू नये. वाढीच्या वयात सहा किलो पाणी उपसून काढणं म्हणजे मेंदूचं संरक्षण कमी करून ठोसे खाणं. तो 90 च्या वरच लढू दे. तिथं 120 किलोची माणसं भेटतील, म्हणून पाय हलके हवेत.

पैलवानाकडून बॉक्सरकडे येताना मान, कंबर आणि दम आयता मिळतो. अडचण तीन ठिकाणी येते. वजन पुढच्या पायावर पडतं, कारण कुस्तीत पटात शिरायचं असतं. डोकं खाली जातं, आणि खाली गेलेल्या डोक्याला अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, हमखास सापडतो. जवळ गेलं की हात आपोआप मिठी मारतात, आणि त्यावर ताकीद मिळते, गुण जातो. पहिले सहा आठवडे लढत नकोच. चुन्यानं जमिनीवर एक रेघ ओढा, दोन पाय रेघेच्या दोन बाजूंना, अंतर खांद्याएवढं, मागची टाच उचललेली, आणि त्याच ठेवणीत पुढे-मागे-बाजूला सरकणं. रोज तीन-तीन मिनिटांच्या सहा फेऱ्या, मधे एक मिनिट विसावा. पाय एकमेकांत अडकले की फेरी पुन्हा.

मग जॅब, आणि दोन महिने फक्त जॅब. जड पोराला पहिल्या दिवसापासून उजव्या हाताची जोरदार ठोकणी आवडते, कारण बॅग हलते आणि आजूबाजूचे वा म्हणतात. तिथंच तो बिघडतो. होम्सनं सात वर्षं जग राखलं ते जॅबवर.

बॅग घरी भरायची तर वजन अंगाच्या निम्म्याच्या आसपास, 45 ते 50 किलो. आपल्याकडे कापूस हाताशी असतो म्हणून लोक तोच कोंबतात. तो ओल धरतो आणि गोळा होतो. वाळू तर भरूच नका. आठवड्याभरात ती बुडाशी बसून दगड होते आणि खालचा ठोसा मारताना मनगट मुरगळतं. जुन्या कपड्यांच्या चिंध्या, बटणं-चेन काढून, थराथरानं दाबून भरा. वजन कमी पडलं तर वाळूच्या किलो-किलोच्या पिशव्या बांधून मधोमध चिंध्यांत गाडा, कडेला नकोत.

हातपट्टी साडेचार मीटरची. अंगठ्यात अडकवून मनगटाला तीन वेढे, बोटांच्या मुळांवर तीन, मग बोटांच्या फटींतून, अंगठ्याभोवती एक, परत मुळांवर, शेवट मनगटावर. बोटं फाकवून बांधायची. मूठ मिटून बांधली तर मोज्यात हात सैल पडतो आणि हाडं सरकतात. बांधून झाल्यावर मूठ आवळली की घट्ट वाटावं, उघडली की बोटांना मुंग्या येऊ नयेत. सरावाच्या लढतीला मोजे 16 औंसांचे, डोक्याला हेडगार्ड, दाताला गार्ड.

सरावाची लढत आठवड्यातून दोनदा, तीन-चार फेऱ्या, तेही बॅगवर महिनेच्या महिने गेल्यावर. जोडीदार शक्यतो हलका आणि चपळ, 70-75 किलोचा. जड पोरगा त्याला जोरानं मारणार नाही अशी ताकीद देऊन. पकडता येत नाही, मारता येत नाही, तेव्हाच पाय आणि नजर कामाला लागतात. डोक्याला ठोसा लागून खाली गेला किंवा भोवळ आली, तर डॉक्टरला दाखवा आणि निदान 30 दिवस ठोसे बंद. ‘बरं वाटतंय’ हे त्याचं म्हणणं इथं धरू नका.

आपल्याकडच्या उन्हाचा हिशोब वेगळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 वर जातो. सराव पहाटे साडेपाचला सुरू, साडेसातला बंद. आधी आणि नंतर वजन करा. 96 किलोच्या अंगातून दोन किलोच्या आसपास पाणी गेलं की ठोसा उशिरा निघायला लागतो, आणि समोरचा ठोसाही उशिरा दिसतो. गेलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी पुढच्या काही तासांत, त्यात मीठ-लिंबू किंवा मीठ घातलेलं ताक. सरावाआधी तासभर दोन केळी पुरतात, रावेर-यावलची असतील तर उत्तमच. घट्ट भरीत-भाकरी मात्र सरावानंतर. धावणं अर्धा तास, डांबरावर नाही, शेतबांधाच्या मातीवर. एवढ्या वजनाचे गुडघे डांबर सोसत नाहीत. उरलेला दम दोरीवरच्या उड्यांनी भरून काढा.

आणि एक वही घाला. अलीच्या रेकॉर्डला लावलीत तीच कलमं याच्या प्रत्येक लढतीला लावा: तारीख, समोरच्याचं वय आणि वजन, त्याच्या आधीच्या लढती, निकाल कसा लागला. त्याशिवाय एक कलम वाढवा, तिन्ही फेऱ्यांत किती जॅब लागले. मोबाईलवर चित्रण करा आणि आवाज बंद करून मोजा. पहिली हार आली की ती वहीत त्याच अक्षरात लिहा, आणि त्या पोराशी परत कधी गाठ पडेल ते जिल्हा संघटनेच्या वेळापत्रकात पाहून शेजारी तारीख टाका.